दीडशेचा फ्यूज

दारूखान्यात, जिथे जहाजांचे कापलेले पत्रे
भिंतीसारखे रचून ठेवतात
आणि पोर्ट ट्रस्टचा जुना रूळ
अर्धा डांबरात बुडून आता कुठेच जात नाही,
तिथे शिवगणची बॅटरीची गाडी अडली.
दीड टन लोखंड. पुढचं चाक रुळाच्या फटीत.
त्यानं केलं जे कुणीही करेल:
पॅडल आणखी दाबलं.

गाडी हलली नाही. नुसती हुंकारली,
दात आवळून कुणी हुंकारावं तशी.
मग सीटखाली, टप्.

चार दिवसांतला हा तिसरा.
मेलेलं झुरळ ठेवावं तसा माझ्या टेबलावर ठेवतो,
म्हणतो, मोहिलेबाई, माल डुप्लिकेट दिलात.
चाक फिरलं नाही, काम काडीचं झालं नाही,
मग एवढा करंट गेला कुठं?

प्रश्न बरोबर आहे. मलाही पडला होता,
बावतीस मिस्त्रींच्या हाताखाली वाइंडिंग शिकताना.
त्यांनी उत्तर दिलं नाही.
वायपरची एक मोटर टेबलावर चालू केली,
मीटरचा काटा दाखवला, डुलक्या घेणारा,
आणि म्हणाले, चिंधीनं शाफ्ट धर.
धरला.
काटा पार टोकाला जाऊन आपटला.
"बघ, तू थांबवलीस
आणि ती खादाड झाली."

चहाच्या बिलाच्या पाठीवर मी शिवगणला हिशोब मांडून देते.
बॅटरी ढकलते अठ्ठेचाळीस व्होल्ट.
फिरती मोटर ते मुकाट घेत नाही,
फिरता फिरता ती स्वतःच थोडी जनरेटर होते,
पंचेचाळीस उलटे ढकलते.
उरले तीन. त्या तिनाच्या जोरावर
तुझं लोखंड रे रोडपर्यंत पोचतं.

आता चाक अडलं, मोटर थांबली.
उलटं ढकलायला कुणी उरलं नाही.
अठ्ठेचाळीसचे अठ्ठेचाळीस आत,
आणि आत काय, तर तांब्याची तार,
तिचा विरोध ओहमच्या बाराव्या हिश्शाएवढा.
चालताना छत्तीस अँपिअर.
अडल्यावर, कागदावर तरी, पावणेसहाशे.
फ्यूज दीडशेचा.
त्यानं किती वेळ विचार करायचा?

"म्हणजे थांबली की जास्त खाते?"
थांबली की तिला नाही म्हणता येत नाही.
फिरणं, हाच तर तिचा नकार होता.

तो बिल उलटसुलट करून बघतो.
"आणि काम?"
शून्य.
"मग?"
ताप. सगळाच्या सगळा ताप.
इथे तो पहिल्यांदा हसतो.
म्हणतो, हे समजलं बाई, हे आमच्या घरी रोजचं.

आणि लगेच: मग फ्यूजच्या जागी बोल्टच आवळतो की,
कटकटच नको.
(कंट्रोलरही त्यानं असाच बायपास केलाय, गेल्या दिवाळीत,
त्याच्यानं तो करंट तरी आवरला असता.)
मी खालचा खण ओढते.
आत एक आर्मेचर आहे, कोळशासारखं काळं,
जळक्या वार्निशचा वास अजून सुटलेला नाही.
हा एका बोल्टवाल्याचा, म्हणते. अकरा हजार.
फ्यूज दोनशे वीस.
हा मरतो म्हणून ती वाचते. एवढंच त्याचं काम.

तो बराच वेळ खणाकडे बघत राहतो.
मग पैसे मोजतो, दहा कमीच.

मी त्याला पॅकिंगच्या दोन फळ्या देते, फुकट,
फटीवर टाकायला.
आणि सांगते, अडली तर पाय उचल.
दाबू नकोस.
"पाय उचलून गाडी जाईल?"
नाही जाणार. जळणार नाही.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून मी हिशोबाला बसते.
बाहेरून त्याच्या गाडीची शिटी येते, बारीक,
पत्र्यांवर आपटत जवळ जवळ.
फळ्या विसरला असणार, मला माहीत आहे.
चाक रुळाला लागल्याचा ठक्.
हुंकार सुरू होतो,
मी पेन थांबवून ऐकते,
हुंकार बंद.

टप् नाही.

मग शिवगणचा आवाज, पलीकडच्या गॅसकटरवाल्यांना:
ए, जरा हात लावा रे कुणीतरी, ढकला.